पॉवर बँक, रेडिओ आणि आपली कृष्णा

सीमाभागातल्या माणसाला पावसाळ्यात दोन भाषांतल्या बातम्या लागतात. भूगोलाच्या तासाला नकाशा टांगून मी मुलांना हेच दाखवतो. कोल्हापूरची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पुढे कृष्णा आपल्या जिल्ह्यात शिरते आणि अलमट्टीकडे जाते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडल्याची बातमी मराठीत येते. हिडकल किंवा अलमट्टीतून पाणी किती सोडले, हे कन्नडमध्ये कळते. एकच भाषा ऐकणाऱ्याला नदी अर्धीच कळते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आधी लाईट गेली आणि अनेक ठिकाणी मागोमाग मोबाइलही मुके झाले. अशा वेळी माळ्यावरचा रेडिओ आठवतो. पण सेल ओले किंवा संपलेले, आणि दुकान पाण्यात! आता घरोघरी पॉवर बँक आहे. तिच्यावर रेडिओ चालवता येतो, मात्र थोडे समजून घेतले पाहिजे.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेले असते, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे माप. हिशेबाने होतात ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना काही वीज वाया जाऊन हाती साधारण ३० उरतात. तेवढ्यात आजचा मोठा फोन जेमतेम दीड वेळा भरेल. पण अर्धा वॅट खाणारा छोटा रेडिओ ६० तास बोलत राहील! पुरात कोणाला आधी जेवू घालायचे, हे यावरून ठरवावे.

अडचणी दोन. रेडिओ इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँकांना वाटते, फोन भरला. आणि त्या आपोआप बंद पडतात. काहींमध्ये घड्याळासारख्या छोट्या वस्तूंसाठी वेगळी सोय असते, ती माहितीपत्रकात पाहावी. दुसरे म्हणजे, व्होल्टेज वाढवणाऱ्या आतल्या सर्किटमुळे मिडियम वेव्हवर खरखर येऊ शकते. एफएमवर हा त्रास सहसा कमी. दोन्हींवर सोपा उपाय असा की स्वतःची बॅटरी असलेला यूएसबीचा रेडिओ घ्यावा, पॉवर बँकेने भरावा, वायर काढावी आणि मग ऐकावे. दोन पेन्सिल सेलच्या जुन्या रेडिओला मात्र ५ व्होल्ट थेट जोडू नयेत. तो ३ व्होल्टवर चालणारा, बिचारा जळेल.

काही विद्यार्थी विचारतात, ‘सर, हातातला स्कॅनर का नको? सगळेच ऐकू येईल.’ तोही पॉवर बँकेवर चालतो, पण पोलीस आणि सरकारी खात्यांचे बिनतारी संदेश परवान्याशिवाय ऐकणे आपल्याकडे कायद्यात बसत नाही. खरीच आवड असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की देता येते. घरासाठी साधा रेडिओ पुरेसा आहे.

आमच्या सासूबाईंचे माहेर घटप्रभेकाठचे. पाऊस लागला की त्यांना १९५० पासून बोलणारे धारवाड हवे, आणि मला सांगली. एका रेडिओवरून आमची पाच-दहा मिनिटे ओढाताण होते. त्यांनी ऐकलेले त्या मला सांगतात, मी ऐकलेले त्यांना. मुले मध्ये बसून दोन्ही ऐकतात, आणि शाळेच्या पुस्तकात नसलेला जोडभूगोल शिकतात.

तेव्हा वाचकहो, मृगाच्या आधी एवढे करा. पॉवर बँक भरा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरत जा आणि रेडिओसकट प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. आपल्या घरी कोणती केंद्रे नीट लागतात ते आजच फिरवून पाहा. एक मराठी, एक कन्नड. डब्याच्या झाकणावर त्यांचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहा. अंधारात चष्मा सापडत नाही!