राखणीचा कुत्रा आणि त्याचे शिक्षण

नवा गोऱ्हा औताला धरावयाचा झाल्यास शेतकरी त्यास जाणत्या बैलाशेजारी जुंपतो, चुचकारतो आणि चार दिवस अधिक लागले तरी धीर सोडीत नाही. त्याच घरातील कुत्र्याच्या वाट्यास मात्र शिळी भाकरी, साखळी आणि काठी एवढेच येते. त्याने चोरास अडवावे, परंतु पाहुण्यास चावू नये, ही अपेक्षा शिकविल्यावाचून पुरी होईल असे मानणे चमत्कारिक होय.

चुकीस आरंभ पिल्लू आणतानाच होतो. जेमतेम महिन्याचे पिल्लू आईपासून तोडून आणण्याचा प्रघात आहे. भावंडांशी झोंबताना दात किती जोराने लावावा, हे पिल्लू तेथेच शिकते. म्हणून निदान आठ आठवडे ते आईजवळ राहू द्यावे. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत जे त्याच्या नित्य पाहण्यात येते, त्यास ते पुढे सहसा बुजत नाही. शेळ्या, कोंबड्या, लहान मुले, सायकल, मोटार, घोंगडी पांघरलेला वाटसरू या साऱ्यांची ओळख याच काळात व्हावयास हवी. मेंढ्यांच्या राखणीचे पिल्लू कोकरांमध्ये वाढवितात, त्यातील मर्म हेच आहे.

याउलट, दिवसभर बांधून ठेवल्याने कुत्रा ‘तिखट’ होतो, असा समज गावोगावी आढळतो. असा कुत्रा तिखट होत नाही, भित्रा आणि चिडका होतो. तो सुटला म्हणजे चोर व टपालवाला यांत भेद करीत नाही, आणि पुष्कळदा घरच्याच मुलास चावतो. राखणदाराचे काम भुंकून धन्यास जागे करणे हे आहे. चावा हे त्याचे भूषण नव्हे. तिखटपणासाठी कान कापणे हा तर निव्वळ अडाणीपणा होय. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने अंगच्छेद हा अपराध ठरविला आहेच. शिवाय नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे न फिरविणे हीदेखील क्रूरता मानली आहे. ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

सर्वांत घातक खोड शिक्षेसंबंधीची आहे. कुत्र्याने सकाळी कोंबडी धरली. धनी दुपारी शेतावरून आला, त्याने नाव घेऊन कुत्र्यास जवळ बोलाविले आणि दोन फटके लगावले. धन्याच्या मते शिक्षा कोंबडीबद्दल झाली. कुत्र्यास उमगले ते इतकेच की, हाकेस ओ देऊन जवळ गेले म्हणजे मार बसतो. पुढे तो हाकेस येईनासा होतो, आणि ‘जात्याच नाठाळ’ म्हणून त्यावर शिक्का बसतो! बोलाविल्यावर आलेल्या कुत्र्यास कधीही मारू नये. त्यास भाकरीचा तुकडा द्यावा, पाठीवरून हात फिरवावा, तोही तत्काळ. कारण कृती आणि फळ यांत थोडा वेळ गेला तरी त्यांचा संबंध त्यास जुळविता येत नाही. कोंबडीकडे झेप घेत असतानाच दोरीने आवरावे व मागे फिरताच शाबासकी द्यावी.

घरातील एकाने ‘बस’ म्हणावे, दुसऱ्याने ‘खाली’, तिसऱ्याने केवळ हात उगारावा, हाही घोटाळा नित्याचा आहे. शब्द एकच असावा. जेवताना ताटातला घास टाकावयाचा आणि पुढे तो ताटात तोंड घालतो म्हणून लाथ मारावयाची, हा न्याय कोणता? मुले गंमत म्हणून ‘छू’ करून वाटसरूंवर कुत्रा सोडतात, आणि वडीलमंडळी कौतुकाने पाहतात. कुत्र्यास त्यातील गंमत कळत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी या विषयाकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यास पिसाळरोगप्रतिबंधक लस टोचून घ्यावी लागते, आणि पुढेही पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मुदतीत ती द्यावी लागते. परंतु ज्या कुत्र्यास गळ्यात दोरी घालून चालण्याची आणि परक्या हाताची सवय नाही, त्यास दवाखान्यात न्यावयाचे कोणी? धनी त्यास घरीच ठेवून एकटा येतो आणि ‘आमचा धरू देत नाही’ असे सांगून परत जातो. असा कुत्रा चावला तर जखमेस हळद-मिरची न लावता साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे लागते; रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. पिल्लू घरात येताच रोज थोडा वेळ त्याचे पाय, कान व तोंड हाताळावे आणि हलकी दोरी बांधून त्यास अंगणात फिरवावे, म्हणजे लस टोचण्याच्या दिवशी ते शेजाऱ्याच्या मुलासही नेता येईल.