नावाविना पसरलेला तांदूळ

‘काम चोख ठेव, लोक आपोआप येतील, गाजावाजा कशाला?’ रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात नोकरीधंद्याला लागणाऱ्या पोराला हा सल्ला हमखास मिळतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सल्ला मात्र खोटा आहे, आणि त्याची किंमत विदर्भाने मोजलेली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम शिकलेले, थोड्याशा जमिनीचे धनी. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि वर्षामागून वर्षे निवडून वाढवल्या. तो बारीक, चवदार तांदूळ महाराष्ट्राबाहेरही गेला, पण बाजारात त्याला नाव पडले एचएमटी, म्हणजे त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे. १९९८ मध्ये त्याचे शुद्ध केलेले वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून आणले. खोब्रागडेंचे नाव ‘फोर्ब्स’च्या यादीत झळकले ते २०१० मध्ये. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हाही गरिबी सुटलेली नव्हती. काम तर घराघरांत शिजत होते. ते कोणाचे, हे ताटावरच्या माणसाला ठाऊक नव्हते.

आता दुसरे टोक: ‘आधी दिसा, काम मागाहून’. चौकातला फ्लेक्स, पैसे भरून लोकांपुढे आणलेली पोस्ट. हेही तितकेच फसवे. पैसे थांबले की दिसणे थांबते, आणि मागे दाखवायला काही उरत नाही.

जाहिरात व्यवसायात माध्यमांचे तीन प्रकार मानतात: विकत घेतलेले, स्वतःच्या मालकीचे आणि लोकांनी आपणहून केलेल्या चर्चेचे. करिअर उभारणाऱ्याने मालकीच्या माध्यमापासूनच सुरुवात करावी. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते नांगराच्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून. पुढे त्याचेच नामवंत मासिक झाले. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर आधी ‘बळीराजा’ मासिकातून, मग पुस्तकांतून आणि शिबिरांतून आपल्या झिरो बजेट शेतीबद्दल बोलत राहिले. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप वजनदार आहेत. तरीही झिरो बजेट शेती म्हटले की पाळेकरांचे नाव येतेच.

‘आपल्याच कामाबद्दल असे बोलत राहणे ही बढाई झाली’ असे कोणी म्हणेल. चुकीचा निकालही जो लपवत नाही, त्याच्या नोंदीला बढाई कसे म्हणायचे? अशी नोंद कशी ठेवायची ते पाहा. रिसोड पट्टा सोयाबीनचा. कृषी सेवा केंद्रात बसणाऱ्या पदवीधराने पेरणीआधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे, आठवड्याने कोंब मोजावेत. सत्तरच्या खाली आले तर एकरी बियाणे वाढवायला सांगावे. हे सारे फोनवर चित्रित करून वाण, तारीख आणि स्वतःचे नाव घालून आपल्या चॅनेलवर ठेवावे. अठ्ठावन्नच उगवले तर तेही ठेवावे, आणि पुढे शेतात काय झाले तेही.

दोन-तीन हंगामांची अशी नोंद बियाणे कंपनीच्या मुलाखतीत पदवीच्या कागदाहून जास्त बोलते. गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत शेतकरीच ती पुढे पाठवतात. जाहिरातीवर पैसे खर्चायचेच, तर ते यानंतर: मे महिन्यात, रिसोड आणि मालेगाव तालुक्यांपुरते, ज्या चित्रफितीबद्दल शेतकऱ्यांनी आपणहून विचारणा केली तिच्यावरच.