हिरवा चुडा आणि हिरवा पडदा

प्रभातचा 'संत तुकाराम' घरच्या टीव्हीवर पाहून संपला, तुकोबांना घेऊन गरुडाचे विमान वैकुंठाकडे निघून गेले, आणि दिवे लागताक्षणी माझ्या सातवीतल्या नातवाने मला विचारले की १९३६ साली, संगणक नसताना, हे त्यांनी दाखवले तरी कसे. मला त्याचे पूर्ण उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न इतका रास्त होता की तो तसाच दप्तरी दाखल करून ठेवणे मनाला प्रशस्त वाटेना, आणि म्हणून सुटीचे पुढले काही आठवडे घरातली मधली खोली, मागचे अंगण, एक मोबाइल फोन, एक जुना संगणक आणि त्यावर विनामूल्य उतरवून घेतलेले शॉटकट नावाचे संकलनाचे सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीनिशी आम्ही दोघे त्या उत्तराच्या मागे लागलो.

आजीला विमानातून ढगांत न्यायचे, हा त्याचा पहिला संकल्प. तिचीच एक जुनी हिरवीगार नऊवारी भिंतीवर खिळ्यांना ताणून लावली, काठ चौकटीबाहेर राहतील अशा बेताने फोन खुर्चीवर पुस्तकांच्या आधाराने उभा केला, आणि पडद्यापुढे स्टुलावर आजी हात जोडून बसली. गच्चीवरून टिपलेले ढग संगणकावर खालच्या पट्टीत, आजीचे चित्रण वरच्या पट्टीत, आणि वरच्यातला हिरवा रंग वगळावा अशी आज्ञा. क्षणार्धात साडी नाहीशी झाली आणि आजी ढगांत अवतरली खरी. पण तिचे जोडलेले दोन्ही पंजे मनगटांपासून सुटून अधांतरी तरंगत होते, आणि हात जिथे तुटला होता तिथून एक पांढरा ढग संथपणे पलीकडे चालला होता. तिच्या हातांतल्या काचेच्या हिरव्या बांगड्या साडीबरोबरच गेल्या होत्या! नातू क्षणभर घाबरला, मग विचारात पडला. “बांगड्या उतरवायला सांगू नकोस हं बाळा, हवं तर मागची साडी बदल,” असे आजीने स्वच्छ सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर निळी चादर आली.

त्या एका फजितीत तो जे शिकला ते मी त्याला दहा व्याख्यानांनी शिकवू शकलो नसतो. यंत्राला साडी कळत नाही, चुडा कळत नाही, आजी तर मुळीच कळत नाही. त्याला कळतात ते केवळ आकडे, प्रत्येक ठिपक्यातल्या तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण, आणि 'हिरवे तेवढे काढ' हा हुकूम ते कोणताही भेद न करता शब्दशः बजावते. मग पुढचे प्रश्न आपोआप आले. पडदा हिरवाच का? तर माणसाच्या त्वचेच्या रंगापासून तो बराच वेगळा, आणि फोनच्या कॅमेऱ्यात सामान्यतः तांबडा वा निळा प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंच्या दुप्पट बिंदू हिरवा टिपण्यासाठी राखलेले, त्यामुळे त्या रंगाची कड अधिक स्वच्छ सुटते. घडीच्या रेघा का उरल्या? तर सुरकुतीच्या सावलीतला हिरवा आणि उजेडातला हिरवा हे यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे रंग. केसांच्या कडेला हिरवट झाक का? तर साडीवरून परतलेला प्रकाश आजीच्या खांद्यावर पडत होता. तिला चार हात पुढे बसवायला हवे होते.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आज घरोघरच्या फोनांत तयार इफेक्टांचा जो पूर लोटला आहे, त्यात नेमकी हीच पायरी वाहून गेली आहे. बोट लावले की पाठीमागे समुद्र, बोट लावले की डोक्यावर मुकुट, बोट लावले की चेहरा गोरा आणि नाक सरळ. काय झाले, कोणत्या नियमाने झाले आणि कुठे फसले असते, याचा थांगपत्ता मुलाला लागत नाही. माझे मत असे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडतो, की साध्या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर चार जुन्या युक्त्या स्वतःच्या हातांनी करून पाहणे हा आज प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा भाग व्हावयास हवा, आणि तो चित्रकलेइतका व हस्तव्यवसायाइतका स्वाभाविक मानला जावा.

या युक्त्यांतली सर्वांत जुनी युक्ती म्हणजे माणूस अदृश्य करणे, आणि तिच्याइतके सोपे व तिच्याइतके शिस्त लावणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही. फोन हलणार नाही असा ठेवायचा, चित्रण मध्ये बंद न करता चालू ठेवायचे, मुलाने चौकटीच्या मध्यभागी उडी मारायची, मग शांतपणे बाजूला व्हायचे आणि रिकामे अंगण काही क्षण तसेच टिपू द्यायचे. पुढे संकलनात, उडीच्या ऐन माथ्यावरची चौकट शोधून तिथे कात्री लावायची आणि तो बाजूला गेल्यानंतरच्या रिकाम्या अंगणाशी तिचा सांधा जुळवायचा. सेकंदाला तीस चौकटी असतात. एक चौकट पुढे वा एक मागे, एवढ्याने डोळा फसतो की सावध होतो ते ठरते, आणि बाणाच्या कळीवर बोट ठेवून एकेक चौकट सरकवीत ती जागा हुडकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता दिसते ती मला सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची आठवण करून देते. आमचा पहिला प्रयत्न तुळशीवृंदावनाच्या सावलीने उघडा पाडला, कारण मधे आम्ही जेवायला गेलो होतो आणि तेवढ्यात सावली वीतभर सरकली होती. दुसरा प्रयत्न फोनने स्वतःच बिघडवला, कारण मुलगा दूर होताच त्याने उजेडाचे माप आपल्या मर्जीने बदलले आणि सांध्यावर अंगण एकदम उजळले. पडद्यावर बोट दाबून धरून ते माप कायम करावे लागते, हे नातवाला कोणी सांगितले नाही. त्याने ते शोधून काढले.

ही युक्ती चित्रपटाच्या जन्माबरोबरच जन्मली. एडिसनच्या कंपनीने १८९५ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाचे जे छोटे चित्रण केले त्यात कॅमेरा थांबवून नटाच्या जागी बाहुले ठेवले होते. आणि पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की ऑपेराच्या चौकात चित्रण करताना त्याचा कॅमेरा अडकला, तो सुरळीत करण्यात मिनिटभर गेला, आणि फीत धुऊन पाहतो तो रस्त्यावरच्या प्रवासी गाडीची शववाहिनी झालेली! याच मेलिएसने १९०० साली एकाच फितीवर सात वेळा चित्रण करून स्वतःच्या सात प्रतिमांचा वाद्यवृंद पडद्यावर बसवला. सातव्या खेपेला हात चुकला तर आधीच्या सहाही खेपा वाया, आणि फीत मागे फिरवून पुसण्याची मुभा नाही. आज आमच्या नातवाने दोनच प्रतिमांचा, स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाचा, प्रसंग केला. चौकटीच्या मध्यावरच्या सांध्यापलीकडे त्याची सावली गेली तेव्हा ती चाकूने कापावी तशी तुटली, आणि पट आडवा फिरवून दिवा समोर आणल्यावरच ती सांभाळता आली. चूक दुरुस्त करण्याची ही सवलत हीच घरगुती सॉफ्टवेअरची खरी देणगी, आणि तिचा उपयोग पुन्हा पुन्हा करून पाहण्याकडे व्हावा.

आपल्याकडच्या परंपरेचा विचार करता दादासाहेब फाळक्यांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा पुरुष चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, मुद्रण शिकला आणि जादूही शिकला. 'प्रोफेसर केळफा' या, आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून घेतलेल्या, नावाने त्याने जादूचे प्रयोगही केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ थांबून थांबून टिपली होती आणि तेवढ्या छोट्या चित्रफितीच्या बळावर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला होता. कोऱ्या फितीला अंधारात छिद्रे पाडण्याचे कष्टाचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केले. मला मात्र याहून मोलाची वाटते ती फाळक्यांची वृत्ती. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट त्यांनी काढला, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेल्या आपल्या कन्येचा, मंदाकिनीचा, मुद्राभिनय कथानकाच्या आधी तिच्या साध्या वेशात दाखवून मग तिला कृष्णरूपात पुढे आणले. चमत्कार दाखवणाराच चमत्काराची वाट उघडी करून देतो. त्याने प्रेक्षकाचा आनंद तसूभरही उणावत नाही, उलट त्यात कर्त्याविषयीच्या आदराची भर पडते.

दोन दशकांपूर्वी ही वाट बरीच मोकळी होती. मायक्रोसॉफ्टचा मूव्ही मेकर २००० साली विंडोजबरोबर घरोघर आला आणि २०१७ च्या जानेवारीत तो देणे बंद झाले. मधल्या काळात त्याच्यावर कितीतरी लग्ने, मुंजी आणि शाळांची संमेलने सांधली गेली. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चित्राची पट्टी एकच असे, इफेक्ट मोजके असत, आणि गती निम्मी करणारा इफेक्ट दोनदा लावला की ती पाव होते एवढा साधा हिशेब ज्याला सुचला त्याला राज्य मिळाल्यासारखे वाटे. साधन तोकडे होते म्हणून माणसाला युक्ती काढावी लागे. आज शॉटकट, ओपनशॉट, केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात, त्यांत हव्या तितक्या पट्ट्या मिळतात, आणि तरीही मुलांचा ओढा फोनमधल्या तयार साच्यांकडे आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

कोणी म्हणेल की मुलांना दृष्टिभ्रम करायला शिकवणे म्हणजे फसवणूक शिकवणे. मला याच्या उलट वाटते. खोट्या चित्रफिती आज गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांत फिरतात, पुढाऱ्याच्या तोंडी न बोललेली वाक्ये घातली जातात, कुठल्या तरी जुन्या दंगलीचे चित्रण कालचे म्हणून खपवले जाते. आणि ती पाहून सुशिक्षित माणसेसुद्धा संतापतात, पुढे पाठवतात. यांतल्या कृत्रिम बुद्धीने घडवलेल्या फिती उघड्या डोळ्यांनी ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते, हे मान्य; पण ज्याने स्वतः सांधा जुळवला आहे त्याला चित्र हा पुरावा नसून रचना असू शकते ही जाणीव बोटांतून झालेली असते, आणि समोर आलेली फीत कोणी, कुठे, कशाला जोडली हे विचारण्याची सवय त्याला लागते. आता नातू बातम्या पाहताना सावल्या पाहतो. हा संशयखोरपणा नव्हे. वाचता येणाऱ्याने अक्षरे पाहावीत तसे ते आहे.

शाळांना यासाठी नवी यंत्रे नकोत, नवी तरतूद नको, वरून येणाऱ्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्या शाळेत संगणकाची खोली आहे आणि एखाद्या शिक्षकाच्या खिशात फोन आहे तिथे आठवड्याच्या एका तासिकेत हे सुरू करता येईल: एका सत्रात अदृश्य होणारा मुलगा, एकात दोन प्रतिमा, एकात रंगीत पडदा, एकात उलटी वा मंद गती. याला गुण मात्र देऊ नयेत. गुणांची वही आली की मुले पुन्हा तयार साच्याकडे वळतील.

आमच्याकडे सध्या चौथा प्रयोग चालू आहे. फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट ऐकून नातवाने खिडकीत मेथीची कुंडी ठेवली, फोनची जागा खडूने आखली, आणि हिशेब मांडला: सकाळी सहापासून संध्याकाळी पावणेसहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ४८ चित्रे, दहा दिवसांची ४८०, आणि सेकंदाला तीस या मापाने अवघे सोळा सेकंद. घरातल्या सर्वांना पाळ्या लावून दिल्या आहेत. दुपारी बाराची पाळी आजीची. सातव्या दिवशी तिने पाणी घालता घालताच बटण दाबले, आणि तीनशे तेराव्या चित्रात कोवळ्या मेथीच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा हात आला आहे. पडद्यावर तो एका सेकंदाचा तिसावा हिस्सा दिसेल. मी ते चित्र वगळायला सुचवले, नातू म्हणाला, “राहू द्या आजोबा, या वेळी बांगड्या दिसताहेत.”