वंगण

मराठीच्या प्राध्यापकाने चाकाविषयी लिहायला घेतलेले पाहून काही वाचक चष्मा पुसून पुन्हा नाव वाचतील. त्यांना आधीच कबुली देऊन टाकतो. चाक गोल असते आणि ऐन घाईच्या वेळी पंक्चर होते, याहून अधिक ज्ञान मला नव्हते. पण गेल्या ज्येष्ठात मार्केट यार्डात एका चाकापाशी मी सकाळपासून दुपारपर्यंत उकिडवा बसलो होतो. त्या बैठकीची ही हकीकत.

आमच्या गावची दिंडी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जाते. माझे चुलते तिचा कारभार पाहतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पालखीचा पुण्यात दोन रात्रींचा मुक्काम असतो, तेव्हा आमची मंडळी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यात उतरतात. एका बाजूला मिरच्यांची पोती, दुसऱ्या बाजूला टाळ-मृदंग. एखादा ठसका अभंगाच्या मध्येच येतो, पण कोणी ताल सोडत नाही. तंबू, वळकट्या, पातेली, शिधा हा सारा संसार ट्रॅक्टरमागच्या दोन चाकी ट्रॉलीत असतो. पाय सुजलेल्या चार-सहा म्हाताऱ्याही त्याच वळकट्यांवर बसून पुढचा मुक्काम गाठतात. जवळजवळ तीन आठवडे ती ट्रॉली म्हणजे आमच्या गावचे चालते घर असते.

दोन वर्षांपूर्वी या ट्रॉलीसाठी वर्गणी जमली. तिचा विनियोग ठरवणाऱ्या शहाण्यांत मीही होतो. आम्ही नवी ताडपत्री घेतली, भगवा रंग दिला आणि मागच्या फळीवर देणगीदारांची नावे सुंदर अक्षरांत लिहवून घेतली. शुद्धलेखन मी स्वतः तपासले. चाकांचा विषय कोणाच्या ध्यानातही आला नाही.

त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी दिलेला लाडवांचा डबा घेऊन मी गाळ्यावर पोचलो, तेव्हा ट्रॉली नुकतीच येऊन थांबली होती. यार्डात टेंपो दुरुस्त करणारे एक मिस्त्री अण्णांच्या पाया पडायला आले होते. पाया पडून ते उठले आणि सहज जाता जाता त्यांनी डाव्या चाकाच्या तुंब्यावर तळहात ठेवला. लगेच उचलला.

"सर, जरा हात लावून बघा," ते मला म्हणाले.

मी हात लावला आणि चटका बसल्याबरोबर मागे घेतला. उजव्या चाकाचा तुंबा नुसता कोमट होता.

"एकच चाक तापतंय, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. परवा दिवेघाट आहे ना?"

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात तो घाट. भरल्या ट्रॉलीचे चाक चढणीवर निसटले तर काय होईल, हे त्यांनी सांगितले नाही. वळकट्यांवरून खाली उतरत असलेल्या म्हाताऱ्यांकडे त्यांनी एकदा पाहिले, तेवढे मला पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उतरवून ट्रॉली जॅकवर घेतली. मिस्त्रींनी चाक वर-खाली धरून हलवले. ते सैल दातासारखे डुगडुगले. मी विद्वत्तेने विचारले, "धारवा खराब झाला असेल का?" परिभाषेत बेअरिंगला धारवा म्हणतात, हे मला ठाऊक होते. मिस्त्री म्हणाले, "धारवाडला कोण जातंय सर? पाना द्या तो इकडं." त्यानंतर मी परिभाषा आवरती घेतली.

त्यांनी तुंब्याची टोपी काढली, पिन उपसली, नट सोडला आणि दोन कडी काढून माझ्यापुढे फडक्यावर ठेवली. आतले बेअरिंग मोठे, बाहेरचे लहान. प्रत्येकात पोलादाचे निमुळते रूळ ओळीने बसवलेले. ही रचना निघाली ती एका बग्ग्या बनवणाऱ्याच्या डोक्यातून. अमेरिकेत सेंट लुईस येथे हेन्री टिमकेन हे बग्ग्यांचे कारखानदार होते. वळणावर चाकाला बाजूनेही रेटा बसतो. वरचा भार आणि हा बाजूचा रेटा दोन्ही सोसणाऱ्या निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट त्यांनी १८९८ साली घेतले.

आमच्या बेअरिंगची अवस्था मात्र केविलवाणी होती. आतले ग्रीस शिळ्या पिठल्यासारखे फिकट झाले होते. "पाणी गेलंय," मिस्त्री म्हणाले. तापलेले चाक ओढ्यात घातले की आतली हवा आखडते आणि फाटक्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग ग्रीस धुपते, पोलाद गंजते. रुळांवर निळसर झाक आली होती. फार तापून पोलादाचे पाणी उतरले, की हा रंग येतो. अशी बेअरिंगे पुसून पुन्हा बसवायची नसतात. ती बदलायची, आणि तुंब्यात ठोकून बसवलेली त्यांची वाटीही बदलायची.

अण्णा शेजारी बसून पाहत होते. त्यांच्या तरुणपणी दिंडीचे सामान बैलगाडीतून जाई. गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे. "मुक्कामाला पोचलं की आधी बैलाला पाणी, मग आखाला वंगण, मग आपला चहा," ते म्हणाले. "ती गाडी कुरकुरायची रं. तिचं दुखणं सगळ्या गावाला कळायचं. ही बया बोलतच नाही."

नवी बेअरिंगे आल्यावर मिस्त्रींनी मलाही कामाला लावले. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, आणि ग्रीस रुळांमधून दुसऱ्या बाजूला डोकावेपर्यंत थांबायचे नाही. नुसते वरून फासलेले ग्रीस उपयोगाचे नाही. जुने ग्रीस डिझेलने पुरते धुवून काढायचे, कारण दोन जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. तुंबा गच्चही भरायचा नाही. जास्त झालेले ग्रीससुद्धा तापते. सील नवे, पिन नवी. शेवटी चाक फिरवत नट आवळायचा, आणि मग थोडा सैल सोडायचा. घट्ट राहिला तर बेअरिंग जळते, फार सैल राहिला तर चाक डुगडुगते.

उजवे चाक निरोगी होते, तरी मिस्त्रींनी तेही उघडले. मी कारण विचारले. "दोघं एकाच रस्त्यानं आलेत ना," ते म्हणाले. अमेरिकेत मोटारीमागे राहते घर जोडून हिंडण्याची मोठी हौस आहे. तिथले आस बनवणारे कारखानदार वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांनी चाके उघडून ग्रीस भरायला सांगतात. आमची चाके किती वर्षांत उघडली नव्हती, हे दिंडीत कोणालाच आठवेना. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावली आहे. तिचे इतके चोख उदाहरण मात्र माझ्याच नावाच्या फळीखाली सापडले.

दुपारी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये आम्ही तिघे जेवलो. १९७४ पासून हमालांना स्वस्तात पोटभर जेवण देणारे ते केंद्र. मिस्त्री मजुरी घेईनात. अण्णांनी त्यांना माळेतला एक तुळशीचा मणी दिला, आणि सामानाचे पैसे मी दिले. फळीवर नाव न घालता दिलेली ही माझी पहिली देणगी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ट्रॉलीबरोबर निघालो. हडपसरला थांबून मिस्त्रींनी बजावल्याप्रमाणे दोन्ही तुंब्यांवर तळहात ठेवला. दोन्ही सारखेच कोमट. हात खुशाल टिकत होता. घाट चढून वर आल्यावर पुन्हा पाहिले. अण्णांनीही हात लावला आणि तोच कपाळाला लावून नमस्कार केला. वळकट्यांवरच्या एका आजीबाईंनी विचारले, "काय रे, देव हाय का तिथं?" अण्णा म्हणाले, "तुमचा भार घेतोय, म्हंजी असंलच की."

घरी परतलो तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि कौतुकाने म्हणाल्या, "वा, बुक्का लावून आलात! पण असा तिरपा का लावला?"

तो बुक्का साबणाने तीन दिवस निघाला नाही. या वर्षीच्या दिंडीच्या हिशेबात मी एक नवी बाब घातली आहे: "चाके उघडणे, दिवाळीनंतर." रकमेपुढे तारीखही लिहिली आहे, आणि वर्गणी मागायला मी स्वतः जाणार आहे. फळीवर नाव मिळणार नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगणार आहे.