दोष फोनचा नव्हे

राजेंद्र नगरात चार ज्येष्ठ मराठी माणसे एकत्र आली की एक वाक्य हटकून कानी पडते : मोबाईल आला आणि घरातले मराठी बोलणे संपले. पाठोपाठ जुन्या काळ्या टेलिफोनचे स्मरण होते. त्याची आकड्यांची गोल तबकडी, वजनदार रिसीव्हर, खाली अंथरलेला विणकामाचा रुमाल आणि कुणी परस्पर फोन लावू नये म्हणून तबकडीला घातलेले इवलेसे कुलूप. आठवण गोड आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या आठवणीवर उभारलेल्या निष्कर्षाशी. घरातून मराठी गेली याचा ठपका फोनवर ठेवणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही.

आधी त्या तथाकथित सुवर्णकाळाचा हिशेब मांडू. टेलिफोनसाठी अर्ज करून माणसे वर्षानुवर्षे थांबत. अधिक अनामत भरून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत नाव नोंदवावे, तरी प्रतीक्षा सुटत नसे. गल्लीत एखाद्या घरी फोन असे आणि बाकीच्यांनी त्या घराचा नंबर नातेवाइकांना देऊन ठेवलेला असे. पुण्याला किंवा नागपूरला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या चढत्या दराच्या पायऱ्या होत्या. लागला तर लागला. आणि लागल्यावर तीन मिनिटांचा हिशेब डोक्यावर. त्या तीन मिनिटांत ओरडून ओरडून काय बोलले जाई? कधी निघता, गाडी कोणती, प्रकृती कशी आहे. रात्री लांबलचक घंटी वाजली की घरातल्या बायांच्या काळजाचा ठोका चुकत असे, कारण तारेप्रमाणे ट्रंक कॉलही बहुधा वाईट वार्ताच घेऊन येई.

लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान देशातील पहिली एस.टी.डी. सेवा १९६० साली सुरू झाली. पण सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ती सोय यायला पुढची दोन-अडीच दशके जावी लागली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची एक्स्चेंजे आली आणि मग कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे बूथ दिसू लागले. रात्री दर उतरत, म्हणून जेवणे आटोपून तिथे रांगा लागत. डोळे समोरच्या मीटरवर आणि कान पलीकडच्या आवाजावर, असे ते बोलणे. ज्या शहरात एका वसाहतीचे नावच टेलिफोन नगर आहे, त्या शहराने या यंत्राचे कौतुक अवश्य करावे. पण त्या काळी आपण मनसोक्त बोलत होतो, ही थाप स्वतःलाही मारू नये.

मग त्या काळात मराठी टिकली ती कशामुळे? माझे उत्तर साधे आहे. फोन बैठकीच्या खोलीत होता. त्यावर बोललेले सगळ्या घराला ऐकू येत असे. आजोबा व्याह्यांशी कोणत्या आदराने बोलतात, आई माहेरी बोलताना कसा सूर लावते, मयताची बातमी कोणत्या शब्दांत सांगायची आणि सांत्वन कोणत्या शब्दांत करायचे, हे सारे मुलांच्या कानांवर पडे. घंटी वाजली की जवळचे मूल धावे आणि त्याला विचारावे लागे, “आपण कोण बोलता? बाबा बाहेर गेले आहेत, काही निरोप सांगू का?” शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, खेळात हिंदी अशा इंदूरच्या मुलाला ‘आपण’ आणि ‘निरोप’ हे शब्द त्या टेलिफोनने शिकवले. किंबहुना टेलिफोनने नव्हे. पाठीमागे उभे राहून “नीट बोल” म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी.

इथेच आपला गुन्हा आहे. मोबाईल भारतात १९९५ साली आला. प्रारंभी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ पासून ते पडेनासे झाले. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की परदेशातल्या नातीचा चेहरा पाहत तासभर बोलणेही परवडू लागले. ज्या तीन मिनिटांसाठी आपले वडील दिवसभर ताटकळत, ती आता आपल्याकडे अमर्याद आहेत. आणि त्यांचे आपण काय करतो? पडद्यावर नात दिसताच आपणच म्हणतो, “बेटा, खाना खा लिया?” का, तर तिला मराठी समजत नाही. तिला समजत नाही, कारण तिच्याशी कुणी बोलले नाही. आणि कुणी बोलत नाही, कारण तिला समजत नाही. हे चक्र कोणत्याही कंपनीने फोनमध्ये बसवून दिलेले नाही.

दुसरीकडे अभिमानाला मात्र तोटा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप समूहांवर अभिनंदनाचा पूर लोटला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे तेच संदेश दरवर्षी फिरतात. त्यांतले कितीतरी रोमन लिपीत असतात. फोनमध्ये देवनागरी आहे, बोलले की अक्षरे उमटतात, तरीही! दुसऱ्याचा अभिमान पुढे ढकलायला अंगठा पुरतो; मुलाशी मराठीत बोलायला मात्र जीभ उचलावी लागते.

यंत्र बदलले की भाषा मरते, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. आपले पूर्वज अठराव्या शतकात होळकरांच्या राजवटीत माळव्यात आले, तेव्हा त्यांचे दप्तर मोडीत होते. मोडी गेली, बाळबोध आली. बोरू गेला, टाक आला, टंकयंत्र आले. पोस्टकार्डांची जागा फोनने घेतली, आणि जुलै २०१३ मध्ये तारही कायमची बंद झाली. एवढे सगळे बदलले तरी मराठी राहिली, कारण ती घरात बोलली जात होती.

यावर हमखास येणारे उत्तर मला ठाऊक आहे : सून अमराठी आहे, जावई दक्षिणेकडचा आहे, मुलांवर किती भाषांचे ओझे घालायचे? पण दोन भाषांत जगणे हे इंदूरच्या मराठी माणसाला नवे नाही. गेली अडीच शतके आपण उंबऱ्याबाहेर एक आणि उंबऱ्याआत दुसरी बोलत आलो. आपल्या मराठीत हिंदी मिसळली म्हणून पुण्याचे नातलग हसले, तरी आपण ती सोडली नाही. जे आपल्या निरक्षर पणज्यांना जमले, ते आपल्या उच्चशिक्षित नातवंडांना ओझे वाटेल, असे आपणच का ठरवावे?

म्हणून गळे काढणे थांबवून एक साधी गोष्ट करावी. आठवड्यातून एकदा फोन पुन्हा बैठकीत आणावा. मधोमध ठेवावा, आवाज सर्वांसाठी मोकळा करावा आणि आधी घरातल्या मुलाने बोलावे. तो चुकला तर हसू नये. वाक्य त्याच्याकडूनच पुरे करून घ्यावे. आणि ज्या घरात ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत, तिथे त्यांचे बोलणे याच फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यांची इंदुरी मराठी, सणांच्या रीती, कुळाच्या कथा सांगणारे दुसरे कुणी उरलेले नाही.

काळ्या टेलिफोनला आवाज साठवता येत नव्हता. रिसीव्हर ठेवला की बोलणे संपे. आजच्या फोनला तो साठवता येतो. उद्या नातवंडांनी तो आवाज ऐकला आणि आजी काय म्हणते हेच त्यांना उमगले नाही, तर त्यांनी दोष कुणाला द्यावा? फोनला खचितच नव्हे.