एका रुपयाची हजेरी

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की वर्धा जिल्ह्यात पुलगाव-नाचणगाव भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे, पहिल्या पंधरवड्यात वर्ग कसा असतो. पटावरची नावे आणि बाकांवरची डोकी जुळत नाहीत. पोरे कुठे गेली हे शोधायला चौकशी समिती नको. कापसाची पऱ्हाटी फुटलेली असते, वेचायला बाया मिळत नाहीत आणि वेचणीची मजुरी किलोवर ठरते. सगळी मेख या ‘किलोवर’ शब्दात आहे. मजुरी दिवसावर असती तर दहा वर्षांच्या पोराला कोणी रोज दिला नसता. किलोला मात्र वय नसते. आईच्या ओटीत पोराने चार किलो घातले, तर संध्याकाळी काट्यावर ते आईच्याच नावाने चढतात. पोराचे नाव मालकाच्या वहीत नाही, आणि त्या दिवशी शाळेच्या हजेरीतही नाही.

पुलगावची कापड गिरणी चालू होती तेव्हा कामगाराच्या घरात पगाराची तारीख ठरलेली असे. पोराच्या हाताने त्या पगारात चार आणे वाढत नव्हते, म्हणून पोर शाळेत जाई. गिरणी बंद पडली आणि तो हिशेबच मोडला. गैरहजेरी हा पालकांच्या बेफिकिरीचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडून पाहावा.

मात्र तो मांडल्यावर दुसरा हिशेबही पालकांपुढे ठेवला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, सहावी ते आठवीसाठी २२०. महिन्याला दोनच दिवस बुडाले तर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दहा महिन्यांत त्याचे वीस होतात, म्हणजे दोनशे दिवसांच्या वर्षाचा दहावा हिस्सा. अमेरिकेतल्या शाळा नेमक्या याच दहा टक्क्यांच्या रेषेवर धोक्याची खूण करतात. आपल्याकडे मूल शाळाबाह्य झाल्याखेरीज यंत्रणा हलत नाही. ज्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी शिकवली त्या आठवड्यात वावरात असलेले पोर परत येते, मागच्या बाकावर बसते आणि फळ्यावरचे काहीच उमगत नाही म्हणून पुढच्या सोमवारी आपणहून दांडी मारते. पहिली दांडी घरच्या गरजेची असते, दहावी त्याच्या स्वतःच्या मनाची. ‘आमचं पोरगं शाळेत जायलाच पाहत नाही’ ही तक्रार पुढे येते. तिची सुरुवात कुठे झाली हे आईबापांच्या लक्षातून गेलेले असते.

महाराष्ट्राने यावर दोन वेळा एका रुपयाचा उपाय केला आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी गरिबाला तो जाचक वाटावा इतका मोठा होता. पुढे १९९२ पासून राज्य सरकारने उलटी वाट धरली. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. हेतू चांगला होता, पण तीस वर्षे उलटली तरी तो रुपयाच राहिला. आज त्या रुपयात गोळीही धड येत नाही, आणि तिकडे वावरात किलोचा भाव दर हंगामाला वाढतो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले, दंड मात्र ठेवला नाही. ते योग्यच झाले. ज्याच्याकडून वसूल करायचे त्याच्याकडे देण्यासारखे काय आहे?

याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमची परिषद भरली. सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण आणि तेही हस्तोद्योगातून, असा ठराव तिथे झाला. टकळी वर्गात आली. कापूस मुलाच्या हाती द्यायचा तो शाळेत, शिकण्यासाठी, असा तो विचार होता. आज त्याच जिल्ह्यात कापूस मुलाला शाळेबाहेर ओढतो.

सगळा दोष वेचणीच्या माथी मारणेही खरे नाही. पगारदारांच्या घरांतही दिवाळीला चार दिवस पुढे, चार दिवस मागे जोडले जातात. लग्नासाठी आठवडा जातो. दहावीनंतर तर नाव एका महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. मजुराचे पोर गैरहजर राहिले की ‘अडाणीपणा’ आणि साहेबाचे राहिले की ‘तयारी’, हा भेद आम्हाला मान्य नाही.

पालकांनी करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आई सकाळी सातला वावरात निघते, शाळा दहाला भरते. मधल्या तीन तासांत घरात कोणी मोठे नसते. तिथे मोहल्ल्यातल्या एका आजीने पाच-सहा पोरे एकत्र शाळेत धाडली तर निम्मे काम होते. धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवण्याआधी अंगणवाडीत चौकशी करावी. सुटी घ्यावीच लागली तर आदल्या दिवशी गुरुजींना सांगावे आणि परतल्यावर काय बुडाले ते विचारावे. हे विचारायला बाई बिचकते, कारण शाळेने तिला आजवर फक्त तक्रारीसाठी बोलावलेले असते. वास्तविक पालकांना नियमितपणे भेटून हजेरीबद्दल सांगणे हे कायद्याच्या चोविसाव्या कलमाने शिक्षकाचेच कर्तव्य आहे. मूल आले नाही त्याच दिवशी घरी फोन गेला तर पालकांनाही कळते की कोणी मोजते आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. पण बैठक दुपारी ठेवली तर त्या महिला वावरात असतात आणि सह्यांची वही मागाहून घरोघरी फिरते. हंगामापुरती तरी ही बैठक संध्याकाळी सातला, शाळेऐवजी वस्तीतच घ्यावी. आणि वावराच्या मालकांनाही तिथे बोलवावे. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीला लावायला बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंदी आहे. घरच्या कामात हातभारही शाळेनंतर आणि सुटीतच चालतो. काट्यावर आलेले गाठोडे कोणाकोणाच्या हातांनी भरले, हे मालकाला ठाऊक असते. ते त्याने चारचौघांत सांगावे.