गिअर मोजता, मग हबही विचारा

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक आधी गिअर मोजतं. मग पुढचं सस्पेन्शन, मग डिस्क ब्रेक. मागच्या हबविषयी ना गिऱ्हाईक विचारतं, ना दुकानदार आपणहून सांगतो. चढावर पायांचा सगळा जोर ज्या भागातून चाकात उतरतो, त्याचीच चौकशी होऊ नये, हे खटकतं.

स्वस्त गिअरच्या सायकलींना बहुधा फ्रीव्हीलचा हब असतो. सात चकत्यांचा फ्रीव्हील हबच्या उजव्या अंगाला आट्यांवर फिरवून बसवलेला. त्यामुळे उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आत राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा तीन-चार सेंटिमीटर एक्सल अधांतरी असतो. जाडी अवघी १० मिलिमीटर. स्वाराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर, त्यात साखळीची ओढ. कॅरिअरवर ओझं लादून खड्ड्यांतून सायकल हाणली, की हा एक्सल वाकतो, कधी मोडतो. वाकलेला असला तरी वरून कळत नाही. आत छर्रे धरून ठेवणारा कोन एका अंगाला घासतो, त्याला चरे पडतात, चाक जड फिरू लागतं आणि आपण हवा कमी असेल म्हणून पंप शोधत राहतो.

यावरचा उपाय जुना आहे. जपानच्या शिमानोने १९७८ मध्ये ड्युरा-एस ईएक्स या संचात फ्रीहब आणला. फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग झाली, उजवे छर्रे थेट फ्रेमजवळ सरकले आणि एक्सलला दोन्ही टोकांशी आधार मिळाला. फ्रीहबवर बसणाऱ्या चकत्यांच्या संचाची, म्हणजे कॅसेटची, सर्वांत लहान चकतीही ११ दात्यांची ठेवता येते. सात गिअरच्या फ्रीव्हीलला ती बहुधा १४ दात्यांची असते.

हौशी मंडळींत मात्र चर्चा चालते ती हब किती लवकर पकड घेतो याची. आतल्या रॅचेटला १८ दाते असतील तर पकड बसेपर्यंत २० अंशांपर्यंत फिरणं रिकामं जातं. पुढे ३२ आणि मागेही ३२ दात्यांची चकती असेल, तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पॅडल सुमारे सहा सेंटिमीटर फुकट फिरतं. दगडधोंड्यांच्या चढावर, थांबत-थांबत पाय मारताना हे जाणवतं, आणि तिथे ५४ दात्यांच्या रॅचेटला पैसे मोजणं योग्यच. पण डांबरी रस्त्यावर, ४८ आणि १६ च्या जोडीवर तेच अंतर दोन सेंटिमीटरवर येतं आणि सलग पॅडल मारणाऱ्याला ते कळतही नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याने त्यासाठी जादा खर्च करू नये. हबचा टकटक आवाज मोठा म्हणून तो भारी, हा समजही सोडून द्यावा. छर्रे कुठे बसलेत, हे त्याहून फार महत्त्वाचं.

ओळखायला अवघड काही नाही. दुकानात सायकल उभी असताना पॅडल उलटं फिरवा आणि सर्वांत लहान चकतीच्या मधोमध, पाना बसायच्या खाचांकडे पाहा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरूनही त्या जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. सोबत रिम धरून चाक आडवं हलवून पाहा. खडखडलं तर कोन ढिले आहेत, ते पैसे देण्याआधी आवळून घ्या.

सायकल कंपन्यांनी गिअरच्या आकड्याशेजारी ‘मागचा हब: फ्रीव्हील’ किंवा ‘कॅसेट’ एवढी एक ओळ छापावी. तोवर घाटात जायचा किंवा ओझं वाहायचा बेत असेल, तर २१ गिअरच्या फ्रीव्हीलवाल्या सायकलीपेक्षा आठच गिअरची कॅसेटवाली घ्या.